दुधाचे दात : निगा आणि गैरसमज

‘डॉक्टर, दुधाचाच तर दात आहे. पडणारच आहे तो. मग त्यावर एवढा खर्च कशाला?’ लहान मुलांच्या दातांवर उपचार करणाऱ्या आम्हां मंडळींना हा प्रश्न जवळजवळ रोज ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांत अशिक्षित पालकच असतात असे मुळीच नाही. इंजिनिअर असतात, प्राध्यापक असतात आणि या स्मरणिकेच्या निमित्ताने स्पष्टच लिहावयाचे तर आपल्या वैद्यक व्यवसायातील काही बंधुभगिनीही असतात. मुलाचा गाल सुजला की पाच दिवसांचे प्रतिजैविक लिहून द्यावयाचे आणि ‘दुधाचा आहे, आपोआप पडेल’ असा धीर द्यावयाचा, हा प्रघात आपल्या इंदूर-माळव्यात अजून पुरता मोडलेला नाही.

दुधाचे दात पडणार हे खरेच. परंतु केव्हा? बहुतेक पालक ‘सहाव्या-सातव्या वर्षी’ असे उत्तर देतात. ते फक्त पुढच्या दातांपुरते बरोबर आहे. दुधाचे सुळे आणि दाढा नवव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने पडतात. दुसरी दुधाची दाढ साधारणतः दोन-अडीच वर्षांच्या सुमारास येते आणि दहाव्या ते बाराव्या वर्षी जाते; म्हणजे तिची सेवा आठ ते दहा वर्षांची. ज्या काळात मुलाचे शरीर वाढत असते, त्या काळातील बहुतेक सर्व घास याच दाढांखाली चावले जातात. तीन वर्षांच्या मुलाच्या दाढेला लागलेली कीड ‘पडेपर्यंत’ तशीच ठेवावयाची म्हणजे त्या मुलाला सात-आठ वर्षे किडकी दाढ घेऊन जगावयास लावणे होय.

दुधाच्या दातांची घडण गर्भावस्थेतच सुरू होते. गर्भाच्या साधारण चौदाव्या आठवड्यापासून पटाशीच्या दातांत कॅल्शियम साठू लागते, आणि मूल जन्मते तेव्हा हिरडीखाली वीसही दात कमीअधिक घडलेल्या अवस्थेत असतात. जन्माच्या घटनेची नोंदसुद्धा एनॅमलमध्ये एका सूक्ष्म रेषेच्या रूपाने उमटते व सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहता येते. गर्भवतीचा आहार व आरोग्य यांचा संबंध बाळाच्या दातांशी जोडला जातो तो यामुळे. सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान खालचे मधले दोन दात दिसू लागतात आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत वीस दातांचा संच पूर्ण होतो. सुळ्यांच्या आधी पहिली दाढ येते, हे पाहून काही आया घाबरतात. पण तो निसर्गाचा नेहमीचाच क्रम आहे. पहिला दात वर्षाच्या पुढे लांबला तरी काळजीचे कारण नसते. दीड वर्ष उलटूनही एकही दात दिसत नसेल तर मात्र मुडदूस, थायरॉइडची उणीव इत्यादींचा विचार बालरोगतज्ज्ञांनी करावा.

आधी वरचे दात आले तर ते मामाला वाईट, अशी एक समजूत आपल्या घरांतून आहे. क्रमात असा फरक काही मुलांत होतोच. मामाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. जन्मतःच दात असलेले मूलही अपशकुनी नसते. असा दात फारच हलत असेल, तो श्वासनलिकेत जाण्याची भीती असेल किंवा त्याने जिभेखाली व्रण पडत असेल तरच तो काढावा लागतो, आणि पहिल्या काही दिवसांत काढावयाचा असल्यास बाळाला ‘के’ जीवनसत्त्व दिले गेले आहे की नाही, याची खात्री अगोदर करून घ्यावी लागते.

याहून घातक समजूत दात येण्याच्या काळातील तापाविषयीची आहे. हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, बाळ किरकिरे होते, क्वचित अंग किंचित कोमट लागते, इतके खरे. परंतु १०२ डिग्री ताप, जुलाब आणि उलट्या या गोष्टी दातांमुळे होत नाहीत. सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते. त्याच सुमारास बाळ रांगू लागते आणि हाताला येईल ती वस्तू तोंडात घालते. संसर्गाचा काळ आणि दात येण्याचा काळ एकच असल्याने आळ दातांवर जातो. ‘दात येताहेत, म्हणून होते’ असे म्हणत घरी बसल्यामुळे निर्जलीकरण होऊन रुग्णालयात दाखल करावी लागलेली बाळे आपल्यापैकी अनेक बालरोगतज्ज्ञांनी पाहिली असतील. हिरडीवर चोळण्याची बधिर करणारी जेल, विशेषतः बेंझोकेन असलेली, दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये. तिच्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटण्याचा धोका असतो. वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये, कारण मधातील जिवाणूंच्या बीजाणूंपासून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. थंड, ओलसर स्वच्छ फडके चावावयास देणे आणि स्वच्छ बोटाने हिरडी हळुवार चोळणे, एवढे पुरेसे असते.

कीड म्हणजे काय?

आपल्या भाषेने या विषयात थोडा घोटाळा करून ठेवला आहे. ‘दाताला कीड लागली’ असे आपण म्हणतो आणि डोळ्यांसमोर धान्यातल्या अळीसारखे काही तरी उभे राहते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातील किडे ‘पाडून दाखविणारे’ लोक बाजारात बसत, ते याच कल्पनेच्या आधारावर. १८९० मध्ये विलोबी मिलर या संशोधकाने बर्लिन येथे केलेल्या कामानंतर हे स्पष्ट झाले की, तोंडातील जिवाणू साखर व पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातांतील खनिजे विरघळविते. साखर, जिवाणू, दाताचा पृष्ठभाग आणि वेळ या चारांच्या संयोगाने कीड होते. त्यांतील वेळ हा घटक पालकांच्या ध्यानात क्वचितच येतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

गोड पदार्थ तोंडात गेला की काही मिनिटांतच दातावरील थराची आम्लता वाढते. सामू साडेपाचच्या खाली गेला म्हणजे एनॅमलमधील कॅल्शियम व फॉस्फेट बाहेर पडू लागतात. नंतर लाळ हळूहळू आम्लता कमी करते आणि अर्ध्या ते एका तासात परिस्थिती पूर्ववत होते. गेलेली खनिजे काही अंशी परतही येतात. म्हणजे दाताला हानीची आणि दुरुस्तीची पाळी आळीपाळीने मिळत असते. दुरुस्तीला वेळच मिळाला नाही तर दात हरतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील मनोरुग्ण व मतिमंद व्यक्तींच्या संस्थेत केलेल्या एका दीर्घ प्रयोगातून हेच दिसून आले. जेवणासोबत खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये वारंवार खाल्लेल्या चिकट टॉफीने दात कितीतरी अधिक किडले. असहाय व्यक्तींवर केलेला तो प्रयोग नैतिक दृष्टीने निंद्यच होता. त्यातून मिळालेले ज्ञान मात्र दंतवैद्यकाला विसरता येत नाही.

हा हिशेब आपल्या घरातील एखाद्या तीन वर्षांच्या मुलाला लावून पाहा. सकाळी साखर आणि चॉकलेटी पावडर घातलेले दूध. त्यानंतर तासाभराने बिस्किट. बालवाडीच्या डब्यात जॅमची पोळी. घरी आल्यावर गोळी. दुपारी झोपण्यापूर्वी पुन्हा दूध. संध्याकाळी आजोबांसोबत फेरफटका आणि दुकानातून काही तरी. मग चहाच्या बशीत बुडविलेले बिस्किट, आणि रात्री दुधाची बाटली. साखरेचे एकूण प्रमाण कदाचित फार नसेल; परंतु दाताला दिवसातून आठ-नऊ वेळा आम्लाचे स्नान घडते. इंदूरचे पालक संकोचून विचारतात, ‘रविवारी पोहे-जलेबी बंद करावी लागेल का?’ माझे उत्तर असे की, रविवारच्या पोह्यांबरोबर एका बैठकीत खाल्लेली जलेबी दातांची त्यामानाने फार मोठी शत्रू नाही. मुठीत धरून दिवसभर चोखले जाणारे बिस्किट अधिक वाईट, आणि आया ज्याला ‘गोड नाही’ म्हणून निर्धास्तपणे देतात ते ग्लुकोज बिस्किट तर दातांच्या खाचांत तासन्‌तास चिकटून राहते. बोरन्हाणाच्या दिवशी हलवा आणि गोळ्या मुलाने आनंदाने वेचाव्यात. त्या गोळ्यांचा डबा पुढे महिनाभर ‘रडला की एक’ या हिशेबाने उघडला जातो, तो प्रघात सोडावा.

रात्रीची बाटली

लहान मुलांमधील किडीचे सर्वांत करुण रूप दीड ते तीन वर्षांच्या मुलांत दिसते. वरचे चार पटाशीचे दात हिरडीलगत कातरल्यासारखे तपकिरी झालेले असतात, काहींचे तर नुसते ठुणके उरलेले; आणि खालचे पुढचे दात मात्र मोत्यासारखे स्वच्छ. हे चित्र पाहिले की बाळ रात्री बाटली तोंडात ठेवून झोपते काय, हे विचारावयाचेही फारसे कारण उरत नाही. झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि गिळण्याची क्रियाही मंदावते. बाटलीतील गोड दूध वरच्या दातांभोवती साचून राहते. खालचे दात जिभेखाली झाकलेले असतात आणि लाळग्रंथींची तोंडे त्यांच्या लगतच उघडतात, म्हणून ते वाचतात. वरच्या दातांनंतर पाळी येते ती पहिल्या दाढांची.

येथे आईला दोष देऊन काही साध्य होत नाही. रात्री तीनदा उठणारे मूल, सकाळी नोकरीवर जावयाचे, शेजारच्या खोलीत आजारी सासूबाई, अशा परिस्थितीत तोंडात बाटली देऊन मूल शांत होत असेल तर कोणतीही आई तेच करील. उपाय सांगावयाचा तो तिला झेपेल असा असावा. बाटलीतील दुधात साखर घालणे प्रथम बंद करावे. नंतर दर दोन-तीन दिवसांनी दुधात पाण्याचे प्रमाण वाढवीत न्यावे, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत बाटलीत नुसते पाणी उरते आणि बहुतेक मुलांचा रात्रीचा तिच्यातील रस आपोआप संपतो. दुधाचा पेला रात्रीच्या जेवणासोबत द्यावा आणि त्यानंतर दात घासावेत. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत बाटली सुटलेली असावी. खरे तर ती सुरूच न झालेली उत्तम. आपल्या घरांत चांदीचे बोंडले आणि वाटी-चमचा होतेच, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ते बाटलीपेक्षा सरस होते.

अंगावरील दुधाविषयी गैरसमज होऊ नये म्हणून स्वतंत्रपणे लिहितो. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे ते चालू ठेवणे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दातांच्या दृष्टीनेही मान्य आहे. पहिल्या वर्षात स्तनपानाने किडीपासून संरक्षणच मिळते असे दिसते. वर्षानंतर मूल रात्रभर वारंवार दूध ओढत असेल, दिवसा इतर गोड पदार्थ खात असेल आणि दात घासले जात नसतील तर मात्र धोका वाढतो. तेव्हा स्तनपान सोडविण्याची घाई न करता दात घासण्याची व्यवस्था आधी करावी.

उष्टावण हा मुहूर्त

सहाव्या-सातव्या महिन्यात आपल्याकडे उष्टावण होते. त्याच सुमारास पहिला दात डोकावतो. दातांच्या निगेचा आरंभही याच मुहूर्तावर व्हावा असे मी आयांना सांगतो, कारण तो लक्षात राहतो. दात येण्यापूर्वी ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसल्या तर बाळाला तोंडात हात घालू देण्याची सवय होते. पहिला दात दिसला की लहान, मऊ ब्रश आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट. पेस्टचे प्रमाण तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढे, आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढे. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने २०१४ मध्ये पहिल्या दातापासून फ्लोराइड पेस्ट वापरावी अशी शिफारस केली, तोवर ‘दोन वर्षांपर्यंत फ्लोराइड नको’ असे आम्हीही शिकलो होतो. कार्टूनची चित्रे असलेल्या कित्येक रंगीत पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच. ते आहे की नाही आणि किती आहे, हे वेष्टनावर वाचून घ्यावे. राखुंडी, कोळशाची पूड, खरबरीत मंजन ही दुधाच्या पातळ एनॅमलवर वापरू नयेत. तंबाखूची मिश्री तर घरात मुलाच्या दृष्टीसही पडू नये.

फ्लोराइडविषयी आपल्या भागात एक सावधगिरी आवश्यक आहे. झाबुआ आणि धार जिल्ह्यांतील अनेक गावांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे, आणि तेथील रुग्ण आपल्याकडे येतात. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा, आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही सहन करण्याजोगी. इंदूर शहरात १९७८ पासून नर्मदेचे पाणी येत असले तरी बाहेरच्या अनेक वसाहती बोअरच्या पाण्यावर अवलंबून आहेत. त्यांनी आपले पाणी एकदा तपासून घ्यावे. दुधाच्या दातांपेक्षा येथे प्रश्न कायमच्या दातांचा असतो. पुढच्या कायमच्या दातांचे एनॅमल पहिल्या तीन-चार वर्षांत जबड्याच्या आत घडत असते आणि त्या काळात पोटात गेलेले जादा फ्लोराइड त्यांवर पांढरे-तपकिरी डाग उमटविते. म्हणूनच पेस्ट दाण्याएवढी, आणि ब्रश मोठ्यांच्या हाती. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट गिळली तरी तिच्यातील फ्लोराइड अत्यल्प असते. हानी होते ती मुलाने गोड वासाची ट्यूब चाटून संपविली तर.

ब्रश मोठ्यांच्या हाती, हे सात-आठ वर्षांपर्यंत. मूल स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधू शकत नाही तोवर दातही नीट घासू शकत नाही, असा ठोकताळा मी वापरतो. मुलाचे डोके आपल्या मांडीवर घेऊन वरून पाहिले की दाढा दिसतात आणि काम दोन मिनिटांत होते. घासून झाल्यावर थुंकावे. भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरली तर फ्लोराइडही धुऊन जाते. आपल्या संस्कृतीत सकाळच्या मुखमार्जनाला मोठे स्थान आहे, पण रात्रीच्या दात घासण्याला ते कधी मिळाले नाही. दातांच्या दृष्टीने रात्रीचे घासणे अधिक मोलाचे, आणि एकाच वेळेची शक्ती असेल तर ती रात्रीसाठी राखावी.

आईच्या तोंडातील जिवाणू बाळाकडे जातात, हे खरे आहे. आजी मऊ भात स्वतःच्या तोंडात चावून भरवी, ती पद्धत सोडणेच योग्य. तथापि चमचा चाटल्यावरून घराघरांत भांडणे लावण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यापेक्षा आईने स्वतःच्या किडक्या दातांवर उपचार करून घ्यावेत. गरोदरपणात, विशेषतः मधल्या तीन महिन्यांत, दातांचे बहुतेक उपचार सुरक्षितपणे होऊ शकतात.

ओठ उचलून पाहा

आता थोडे व्यवसायबंधूंसाठी. पालक वर्षाच्या बाळाला दंतवैद्याकडे नेत नाहीत, पण लसीकरणासाठी मात्र नेतात. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस, सोळा ते चोवीस महिन्यांचे बूस्टर आणि पाच-सहा वर्षांचे बूस्टर, या तीन भेटींत डॉक्टरांनी बाळाचा वरचा ओठ बोटाने उचलून दहा सेकंद पाहिले तर फार मोठे काम होईल. हिरडीलगत खडूसारखा पांढरा, निस्तेज पट्टा दिसला तर ती किडीची पहिली पायरी होय. या अवस्थेत खड्डा पडलेला नसतो. आहार सुधारून, घासणे सुरू करून आणि फ्लोराइडचे वार्निश लावून ती थोपविता येते, पुष्कळदा उलटविताही येते. पालकांना तो पट्टा दिसतच नाही, आणि सहा महिन्यांनी तो तपकिरी होऊन खड्डा पडला म्हणजे ते येतात. दंतवैद्याची पहिली भेट पहिल्या वाढदिवसापूर्वी व्हावी, या शिफारशीमागील कारण हेच आहे.

काळ्या रेषेचा मात्र गैरसमज होऊ देऊ नये. लोहाच्या औषधाने दातांवर काळे डाग पडतात, ते वरवरचे असतात आणि साफ होतात. त्या भीतीने लोह बंद करू नये. थेंब जिभेच्या मागील बाजूस द्यावेत आणि नंतर पाणी पाजावे. साखरेच्या पाकातील औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात तेथे, उदाहरणार्थ अपस्माराच्या मुलांत, शक्य तर साखरविरहित पर्याय लिहावा आणि रात्रीचा डोस दात घासण्यापूर्वी देण्यास सांगावे. दम्याच्या मुलाने पंप घेतल्यानंतर चूळ भरावी. जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलाच्या कागदांवर तर दंततपासणीची नोंद असलीच पाहिजे; किडक्या दातातील संसर्ग त्याच्या हृदयापर्यंत पोचू शकतो.

दाढेपाशी पुवाची पुळी आली असता केवळ प्रतिजैविकाने ती तात्पुरती बसते. दातातील मृत नस जागेवरच असते, म्हणून ती पुन्हा येते. दरम्यान तिच्या मुळांखाली घडत असलेल्या कायमच्या उपदाढेच्या एनॅमलला या संसर्गाने कायमची इजा होऊ शकते. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याखाली पसरत असेल, ताप असेल, गिळता येत नसेल तर तो रुग्णालयाचा विषय होतो, आणि अशा वेळी एक दिवसाचीही वाट पाहू नये.

उपचारांच्या बाबतीत परिस्थिती बरीच बदलली आहे. सहकार्य न करणाऱ्या लहान मुलांत सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावून कीड जागच्या जागी रोखता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. किडलेला भाग त्याने काळा पडतो, हे पालकांना आधीच सांगावे लागते. किडलेल्या दाढेवर बसविण्याची स्टीलची कॅप १९५० पासून वापरात आहे. नोर्ना हॉल या स्कॉटिश दंतवैद्य बाईंनी तर इंजेक्शन न देता, दाढ न कोरता ती कॅप सरळ बसविण्याची पद्धत रूढ केली आणि २००६ नंतर तिला शास्त्रीय पाठबळ मिळत गेले. कॅप चांदीसारखी चमकते, म्हणून पुष्कळ पालक नाखूश असतात. मुले मात्र तीच मित्रांना तोंड उघडून दाखवितात. नस खराब झाली असेल तर दुधाच्या दातातही नसेचा उपचार करून दात वाचविता येतो.

दात काढावाच लागला तर जागेचा विचार त्याच दिवशी करावा. दुसरी दुधाची दाढ चौथ्या-पाचव्या वर्षी गेली तर तिच्या मागून येणारी कायमची दाढ रिकाम्या जागेत पुढे सरकते, आणि दहा-अकराव्या वर्षी येणाऱ्या उपदाढेला जागा उरत नाही. दुधाच्या दाढा आपल्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात. निसर्गाने ठेवलेली ही शिल्लक अशा वेळी हातची जाते. त्या जागेवर तारेचा साधा रक्षक बसविण्याचा खर्च पुढच्या दोन वर्षांच्या तारांच्या उपचारापेक्षा पुष्कळच कमी असतो.

आणि ज्या कायमच्या दाढेचा उल्लेख आला ती कोणाच्याही नकळत येते. सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता ती उगवते. दात पडला नाही म्हणून पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि ‘पडेल’ म्हणून सोडून देतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाची ही दाढ काढण्याची वेळ येते तेव्हा त्या आईला ‘ही पुन्हा येणार नाही’ असे सांगणे फार कठीण जाते. पाच-सहा वर्षांच्या बूस्टरच्या भेटीत डॉक्टरांनी ‘मागे नवी दाढ येत आहे, ती कायमची आहे’ एवढे एक वाक्य सांगावे, आणि दंतवैद्याने तिच्या खोल खाचा सीलंटने बुजवाव्यात.

शेवटी पडण्या-आपटण्याविषयी. चालायला शिकणारे मूल पडून दुधाचा दात मुळासकट निघाला तर तो परत बसवू नये. त्याखालील कायमच्या दाताला इजा होते. दात सापडलाच नाही तर तो हिरडीत आत रुतला आहे की श्वासमार्गात गेला आहे, हे पाहणे आवश्यक. सात-आठ वर्षांच्या मुलाचा कायमचा दात निघाला तर नियम नेमका उलटा. दात मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरावा, माती लागली असल्यास दुधाने हलकेच धुवावा, घासू नये, आणि जमल्यास लगेच जागेवर बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावावयास द्यावा. जमत नसेल तर दात पेलाभर थंड दुधात टाकावा, पाण्यात नव्हे, आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचावे.